वाघर

शिवगंगानं तोच आदेश पुन्हा टाइप केला. अक्षरं अडखळत उमटली. तुळजापूरच्या या कॉलेजात लॅबमधली सगळी यंत्रं एकाच सर्व्हरवर चालत. एकानं हातपाय पसरले की बाकीच्यांचे पडदे थिजत. आणि सर्व्हर सांभाळायचं काम शिवगंगाचं होतं.

"प्रतीक्षाचं खातं बंद कर," विभागप्रमुख पंचाक्षरी सर दारातून म्हणाले. "थोड्या वेळात परीक्षा आहे. सगळ्यांना उपाशी ठेवलंय पोरीनं."

खातं बंद म्हणजे प्रकल्प गेला, वर्षही गेलं. प्रतीक्षा खुर्चीच्या कडेवर बसली होती. घर सोनारीचं, मेंढपाळाचं.

"चालवतेस तरी काय एवढं?" शिवगंगानं विचारलं.

"मेंढरं, मॅडम."

प्रत्येक मेंढरू म्हणजे सर्व्हरवर चालणारी एक स्वतंत्र प्रक्रिया. आपल्या बब्रुवान आजोबांना विचारून प्रतीक्षानं नियम लिहिले होते: शेजाऱ्याला धरून चालायचं, हिरव्याकडं वळायचं, वेळ आली की व्यायचं.

"आणि मरायचं कधी?"

"ते सांगितलंच न्हाय त्यांनी. आमच्या घरी मेंढराला तो शब्द लावत न्हायत."

शिवगंगाला हसू आलं आणि ओसरलं. तिनं चाललेलं सगळं थांबवलं, पण खातं ठेवलं. एकच ओळ लिहिली: या खात्याला इतक्याच प्रक्रिया, पुढं नाही.

"लॉगिन कर परत. सोड मेंढरं."

पडद्यावर मेंढरांचे ठिपके वाढले, मर्यादेला टेकले, थांबले. शेजारचे पडदे हलू लागले. मग सगळे ठिपके एका अंगानं वळले. पसरले, गोळा झाले, पुन्हा वळले. कळपाबद्दल प्रोग्रॅममध्ये एकही ओळ नव्हती. शिवगंगा पडद्यावर वाकली.

"वाघर लावल्यावानी दिसतंय," प्रतीक्षा पुटपुटली. "रातच्याला मेंढरांभोवती जाळी लावतात, तसं."

पंचाक्षरी सर कधी मागं येऊन उभे राहिले, कळलं नाही.

"बंद केलंस?"

"नाही, सर. गरज नाही आता."

सर पडद्याकडं बघत राहिले. खुर्ची ओढून बसले.

"कोकरं न्हायत पर," प्रतीक्षा म्हणाली. "जागाच न्हाय त्यांना."

तिनं कीबोर्ड जवळ घेतला. थोडा वेळ बोटं नुसती टेकून ठेवली. मग, ओठ घट्ट मिटून, आजोबांनी न सांगितलेली ओळ लिहिली.

कळपाच्या कडेचा एक ठिपका विझला. पार आत, दुसऱ्या एका ठिपक्याशेजारी, एक बारीक ठिपका उजळला आणि त्याला धरून चालू लागला.