खोकणं आणि खाकरणं

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंडात बोटं घालायला नको. पण माझ्या जागी तुम्ही असता ना, तर तुमचंही डोकं फिरलं असतं. कात्री घेऊन मी कापडावर वाकले रे वाकले, की मागून आवाज यायचाच. "अहं. अहंहं."

मागे सासरे. शिवणकामाचं दुकान त्यांचं. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात, मी बाबा म्हणते. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं, चक्कर आली, आणि आयुष्यभर कुणाला हात लावू न दिलेली कात्री त्यांनी माझ्या हातात ठेवली. स्वतः बटणं लावत स्टुलावर बसायला लागले. त्याच आठवड्यात हे सुरू झालं.

माणूस खोकतो तेव्हा त्याला बरं नसतं. खाकरतो तेव्हा त्याला काहीतरी म्हणायचं असतं. एवढं तर शेंबडं पोरही जाणतं. खडूची रेघ मारली, अहं. कात्री चालवली, अहंहं. तोंडानं मात्र चकार शब्द नाही.

"अहो, बाबांना जरा सांगा की," मी नवऱ्याला म्हटलं.

"तुम्हा दोघांच्या मध्ये मी नाही पडणार," म्हणत त्यांनी अंग काढून घेतलं. फार शूर आहेत आमचे हे!

शेवटी मी मागच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात कटरची जागा विचारून आले. सोमवारी कळवा, म्हणाले. मी गेले तर आमचं दुकान बंदच पडणार, कारण बाबांना कापायचं जमणार नव्हतं. पण रोज उठून पाठीवर खाकरून घ्यायचं, ही काय थट्टा आहे?

शनिवारी वकीलबाई कोटासाठी बसल्या होत्या. मी कापड पसरलं. "अहं."

"बाबा, चुकत असेल तर सरळ बोला! पाठीमागून खाकरू नका!"

वकीलबाईंनी छताकडे बघायला सुरुवात केली. बाबांचा चेहरा पडला. "अगं, खोकला आहे तो."

"बरा सोयीचा खोकला आहे! मी कापायला घेतलं की येतो!"

बाबांनी सुई टोचून ठेवली आणि मागच्या दारानं घरात निघून गेले. घर दुकानाला लागूनच आहे.

थोड्या वेळानं राग उतरला. पाण्याचा ग्लास घेऊन मी आत गेले, तर न्हाणीघराचं दार बंद. आत नळ सोडलेला आणि त्याच्यावरून आवाज, "अहं. अहंहं."

मी तिथेच उभी राहिले. न्हाणीघरात मी काय कापत होते?

"बाबा," ते बाहेर आल्यावर मी विचारलं, "खोकला येतो तर मोकळेपणानं खोकत का नाही?"

"मोठ्यानं खोकलो आणि तुझा हात हलला तर?" ते म्हणाले. "म्हणून दाबतो. दाबला की असा अर्धवट निघतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच त्यांना घेऊन दवाखाना गाठला.

बाबांनी कारणं तयारच ठेवली होती. कापडाची धूळ, पंखा, गार पाणी. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. कफ पडतो का, ताप येतो का, दम लागतो का, वजन उतरलंय का, सगळं विचारलं. बाबा नाही-नाही म्हणत मान हलवत राहिले. नुसता कोरडा खोकला, घशात सारखी खवखव.

"हे सुरू झालं त्या सुमाराला घरात नवीन काय आलं?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्या हातात कात्री."

"सुनेमुळे खोकला होत नाही हो," बाई हसल्या. "गोळ्या दाखवा बघू." पाकीट बघून त्यांनी मान डोलावली. "ही ब्लडप्रेशरची गोळी. काहींना हिनं असाच खोकला लागतो."

"मग आजपासून बंद!"

"खबरदार, मास्तर! बंद नाही करायची, बदलायची. मी दुसरी देते. पण खोकला जायला काही आठवडे लागतील. तरी राहिलाच, तर छातीचा फोटो काढू."

कात्री आणि गोळी एकाच आठवड्यात आल्या होत्या. मी आळ घेतला तो बाबांवर. सोमवारी मोठ्या दुकानात गेले, ती नाही सांगायलाच.

हळूहळू खोकला गेला. दुकान इतकं शांत झालं की, खरं सांगते, मला करमेना. आता माझं चुकलं तर मला कळणार कसं, अशी धास्तीही वाटायची.

मग एक दिवस भारी कापडाचा कोट आला. बाह्या आखल्या, कात्री उचलली.

"अहं."

माझा हात हवेतच थांबला. मागे वळूनही बघितलं नाही. "बाबा, पुन्हा गोळी?"

"गोळी नाही गं, बाही," स्टुलावरून आवाज आला. "दोन्ही डाव्या हाताच्या आखल्यास."