पालथ्या चिठ्ठ्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि आधीच सांगून टाकते, मी फार भित्री आहे. जिन्यावर जड पावलं वाजली की माझं झाकण आजही थडथडतं. कुणी सहज म्हणालं, "या रविवारी जरा घर आवरायला काढू या," की माझ्या अंगात कापरं भरतं. तुम्हाला हसू येईल. पण एकदा मी रिकामी होऊन अंगणात पडले होते आणि माझं सगळं आयुष्य गोणीत भरून समोरच्या गाडीवर चढलं होतं. ज्याने असा दिवस पाहिला, त्याची भीती जन्मात जात नाही.

माझा जन्म एका मोडक्या दरवाज्यातून झाला. सुताराने त्याच्या फळ्यांवर रंधा मारला आणि हातभर लांब, वीतभर रुंद अशी मला घडवली. पितळेची मूठ ठोकताना त्याने विचारलं, "एका शब्दासाठी एवढी पेटी?"

समोर उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "अजून थोडी लांब करता आली तर बघा."

या बाई शब्दकोशाच्या कचेरीत काम करत. इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणारा एक मोठा कोश तिथे तयार होत होता. लांबलचक खोली, मधोमध टेबलं आणि भिंतीला लागून मांडणीवर चाळीस पेट्या. इतर पेट्यांच्या पोटात शंभर-शंभर शब्द सुखाने नांदत होते. माझ्या पोटात एकच होता, 'सेट'. इंग्रजीत लिहायला जेमतेम तीन अक्षरं. पण त्याने मला तळापासून झाकणापर्यंत भरून टाकलं.

कचेरीत एक शिपाई होते. कागदाचे गठ्ठे बांधणं, पेट्या काढणं, ठेवणं हे त्यांचं काम. त्यांना सगळे गठ्ठेवाले काका म्हणत. ते मला पुसताना नेहमी कुरकुरत.

"बाई, कपबशांचा सेट. लहान पोरालाही माहीत आहे. त्यात वर्षानुवर्षं काय शोधताय?"

"काका, सूर्य मावळतो तेव्हा कपबशा घेऊन जातो का?"

"नाही बुवा."

"इंग्रजीत त्यालाही हाच शब्द आहे. मग ती चिठ्ठी वेगळी लिहायला नको?"

"वेगळी लिहा. पण वेगळ्या पेटीत टाका. हिचं पोट फुटेल एक दिवस."

बाई गवंड्याला गाठत आणि विचारत, सिमेंट घट्ट धरतं त्याला तुम्ही काय म्हणता? हाडाच्या डॉक्टरांना विचारत, मोडलेलं हाड बसवता तेव्हा काय म्हणता? केस वळवून देणारी मुलगी, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे आजोबा, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. घड्याळाचा गजर लावतात, सापळा लावतात, दही लागतं, जेवणाचं टेबल मांडतात, सूर्य मावळतो, हाड बसतं. इंग्रजी माणूस या सगळ्यांना एकाच शब्दात उरकतो. आपल्याला मात्र दर वेळी नवा शब्द हुडकावा लागतो. प्रत्येक अर्थाला एक चिठ्ठी, अशा माझ्याकडे नऊशेच्या वर चिठ्ठ्या झाल्या.

सगळ्यात मागे, निळ्या दोऱ्यात बांधलेल्या सदतीस चिठ्ठ्या होत्या. त्यात या शब्दाचं कूळ होतं. बाईंना कळलं होतं की हा दिसायला एक असला तरी त्याची घराणी दोन आहेत. 'बसवणे' या अर्थाचा शब्द उत्तरेकडच्या जुन्या भाषांमधून आला आणि कपबशांच्या संचाचा शब्द लॅटिनमधल्या 'अनुयायांचा गट' अशा अर्थाच्या शब्दापासून, फ्रेंचमधून फिरत फिरत आला. पुढे दोघे एकमेकांत असे मिसळले की कुणाचं काय हे सांगणं अवघड. त्या सदतीस चिठ्ठ्यांसाठी बाईंनी अकरा वर्षं घालवली होती. त्यांची नक्कल दुसरीकडे कुठेच नव्हती.

आता कचेरीचा एक नियम सांगते. चिठ्ठ्यांसाठी कोरा कागद वापरायचा नाही, असं बाईंनीच ठरवलं होतं. घरोघरची रद्दी कापून तिच्या कोऱ्या पाठीवर लिहायचं. म्हणून माझ्या एकेका चिठ्ठीच्या मागे काय काय होतं! बसगाड्यांची वेळापत्रकं, औषधांच्या चिठ्ठ्या, बाईंच्या मुलाच्या शाळेतल्या उत्तरपत्रिका. चिठ्ठीवरचा मजकूर कोशात उतरवून झाला की ती पेटीत पालथी ठेवायची, म्हणजे रद्दीची बाजू वर. पेटीतल्या सगळ्या चिठ्ठ्या पालथ्या झाल्या की पेटी 'झाली'. मग तिच्यातले कागद लगद्याच्या कारखान्यात जात आणि पेटी नव्या शब्दासाठी परत येई. हा नियमही बाईंचाच.

पेट्या रिकाम्या होऊन परत येताना मी पाहिल्या होत्या. त्या कुणाशी काही बोलत नसत.

मला तेव्हा कसरीची भीती वाटे. कागद खाणारा तो चंदेरी किडा फळीवरून सरसरत गेला की मी श्वास रोखून धरी. चहाच्या पेल्याची भीती वाटे. ओलीची वाटे. पण खरं संकट यांतल्या कुणाच्याच रूपात आलं नाही. ते आलं प्रेमाने, बाईंच्या हातून.

एके दिवशी माझ्या वरचा पाण्याचा नळ फुटला. गंजलेलं तांबडं पाणी माझ्या झाकणातून आत झिरपलं. बाई धावत आल्या. त्यांनी एकेक चिठ्ठी काढली, निळा दोराही सोडला आणि सगळ्या टेबलांवर टीपकागद अंथरून चिठ्ठ्या त्यावर वाळत घातल्या. शाई पसरू नये म्हणून लिहिलेली बाजू टीपकागदावर. म्हणजे सगळ्या पालथ्या.

दोन दिवसांत त्या वाळल्या. तिसऱ्या दिवशी बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि त्यांना पुढ्यातलं सगळं धुक्यात बुडाल्यासारखं दिसे. तरी, "मी परत येईपर्यंत माझी पोरं उघड्यावर नकोत," असं म्हणत त्यांनी संध्याकाळपर्यंत बसून नऊशे चिठ्ठ्या क्रमाने गोळा केल्या. क्रम त्यांच्या हातांना पाठ होता. निळा दोरा बांधून तो गठ्ठाही त्यांनी आत ठेवला, या वेळी सगळ्यांत पुढे. पण चिठ्ठ्या उताण्या करायचं राहून गेलं. टेबलावर जशा होत्या, तशाच त्या माझ्या पोटात आल्या.

मला कळलं. मी ओरडले असते, मित्रांनो, पण पेटीला तोंड असलं तरी आवाज नसतो. बाईंनी माझ्या झाकणावरून हात फिरवला आणि त्या गेल्या.

सोमवारी गठ्ठेवाले काका पेट्या तपासायला आले. त्यांनी माझं झाकण उघडलं. पाठ, पाठ, पाठ. ते पुन्हा सुरुवातीला आले आणि पुन्हा सगळ्या चाळल्या. माणूस कामाला चोख होता. मग म्हणाले, "झाली एकदाची. बाईंनी जाता जाता संपवलीच." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. त्यांनी खडूने माझ्या कुशीवर फुली मारली आणि मला खोलीबाहेर, जिन्यालगतच्या बोळात नेऊन ठेवलं. शनिवारी कारखान्याची गाडी यायची होती.

बोळात आणखी चार पेट्या होत्या, फुली मारलेल्या. त्या शांत होत्या. त्यांचे शब्द खरोखरच कोशात पोचले होते. मी तेवढी दिवस मोजत होते. मंगळवार गेला, बुधवार गेला. कुणी जवळून गेलं की वाटे, हा झाकण उघडेल, एक चिठ्ठी उलटेल. एवढंच तर करायचं होतं. एक चिठ्ठी उलटायची होती.

शुक्रवारी दुपारी एक तरुण बाई बोळात आली. बाईंची सून होती ती. सासूच्या रजेचा अर्ज घेऊन आली होती आणि साहेब जेवायला गेले म्हणून वाट बघत उभी होती. उभ्या उभ्या तिने माझं झाकण सरकवलं.

"अगं बाई," ती स्वतःशीच हसली. "हा तर यांचा गणिताचा पेपर. पंचविसांपैकी तीन!"

तिने निळ्या दोऱ्यातून ती पहिली चिठ्ठी अलगद ओढून काढली. मला वाटलं, आता ही उलटेल. पण तेवढ्यात साहेब आले. तिने चिठ्ठी पर्समध्ये टाकली, अर्ज दिला आणि ती निघून गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली खाली गेला. इतकी घाबरलेली मी त्याआधी कधी नव्हते.

शनिवारी सकाळी पाचही पेट्या खाली अंगणात नेल्या. काकांनी एकेक पेटी उचलून गोण्यांत पालथी केली. माझी वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "जड आहेस गं." मग मी हलकी झाले. मित्रांनो, तो हलकेपणा मी सांगू शकत नाही. आतून वारा गेला आणि माझ्याच फळ्यांचा पोकळ आवाज मला ऐकू आला. गोण्या शिवल्या, गाडीवर चढल्या. आमच्या आणि शेजारच्या छापखान्याच्या मिळून दहा होत्या.

तेवढ्यात फाटकातून रिक्षा आत आली. आतून सून उतरली आणि तिच्या खांद्याला धरून बाई. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मोतीबिंदूचा.

आदल्या संध्याकाळी काय झालं, ते मी नंतर ऐकलं. सुनेने नवऱ्याला चिडवायला म्हणून तो पेपर काढला. "आई, तुमच्या लेकाचे प्रताप ऐका," म्हणून ती मोठ्याने वाचू लागली. बाईही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "कुठे सापडला गं?"

"तुमच्या पेटीत. सगळ्यांत वर हाच होता. बोळात ठेवली आहे ना ती, खडूची फुली मारून."

बाई हसायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "उलट बघू तो कागद. मागे काय आहे?"

आणि आता त्या अंगणात उभ्या होत्या.

"काका, माझी पेटी झालेली नाही."

"बाई, सगळ्या पालथ्या होत्या. दोनदा बघितल्या मी." काकांचा चेहरा उतरला. "नियम तुम्हीच केला होता."

"मीच केला आणि मीच मोडला. तुमचं काही चुकलं नाही. गोणी कुठली?"

गाडीवान म्हणाला, "आजी, दहा गोण्या आहेत, सगळ्या सारख्याच. मला अकराच्या आत कारखान्यात पोचायचं आहे. एखादी उघडून बघा हवी तर, पण दहा उघडत बसलात तर माझी नोकरी जाईल."

बाई गाडीच्या कडेला गेल्या. बघून त्यांना काहीच कळणार नव्हतं. त्यांनी पहिल्या गोणीला नाक लावलं. मग दुसरीला. गाडीवानाने सुनेकडे पाहिलं.

"यांचं हे काय चाललंय?"

"थांबा हो जरा," सून म्हणाली.

तिसरी. चौथी. पाचवी. मी अंगणात आडवी पडून मोजत होते. सातव्या गोणीपाशी बाई थांबल्या, पुन्हा वाकल्या आणि त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"ही. हिला गंजाचा वास आहे."

काकांनी शिवण उसवली, आत हात घातला आणि निळा दोरा बाहेर आला.

इतर पेट्यांचे कागदही त्याच गोणीत मिसळले होते. पुढचे दोन महिने काका, सून आणि बाई जमिनीवर सतरंजी पसरून चिठ्ठ्या निवडत बसले. काका पाठी बघून वेगळं करत. "हे औषध बाईंच्या घरचं, ही बस दुसऱ्या पेटीची," असं पुटपुटत. सून वाचून दाखवी आणि बाई क्रम सांगत. अकरा चिठ्ठ्या कधीच सापडल्या नाहीत. त्यांपैकी नऊ बाईंनी आठवून लिहिल्या. दोन अर्थ मात्र कायमचे गेले. कोणते ते बाईंनाही आठवेना आणि ते त्यांना शेवटपर्यंत सलत राहिलं.

पुढे कोश छापून आला. माझ्या चिठ्ठ्या खरोखर पालथ्या झाल्या, तेव्हा काका खडू हातात घेऊन आले आणि मी पुन्हा गारठले. पण त्यांनी विचारलं, "बाई, आता झाली ना? तोंडाने सांगा."

"झाली," बाई म्हणाल्या. "पण ती माझ्या घरी येणार आहे."

आता बाई नाहीत. मी त्यांच्या सुनेच्या कपाटावर आहे. परवा तिच्या मुलीने मला खाली काढलं. गणिताचा तो पेपर तिच्या हाती लागला आणि ती बापाचे तीन मार्क बघून पोट धरून हसली. हसता हसता तिने तो कागद केराच्या टोपलीकडे नेला. माझे सांधे आवळले. मग, का कोण जाणे, तिने तो उलटला आणि अडखळत वाचू लागली. बाईंच्या बारीक अक्षरात तिथे लिहिलं होतं: मूळ अर्थ बसवणे. आपल्या 'सदन' या शब्दाशी फार जुनं, लांबचं नातं.

ती खाली बसली आणि तिने दुसरी चिठ्ठी उलटली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आवराआवर जरूर करा. पण काहीही टाकण्याआधी ते एकदा उलटून बघा.