फोकस पल्लवीवर

पल्लवीचं तोंड वाकडं झालं आणि शमिकाने बटण दाबून धरलं. कॅमेरा खटखटत राहिला. पेनल्टी कॉर्नरवर पल्लवीने मारलेला बॉल गोलकीपरच्या पॅडवर आदळून परत आला होता आणि कॉलेजच्या हॉकी टीमची कप्तान डोळे घट्ट मिटून, रडक्या पोरीसारखी उभी होती. हाच! सबंध मोसमभर शमिकाला हाच फोटो हवा होता.

एकदम आरडाओरडा झाला. तिने कॅमेरा खाली घेतला तेव्हा सगळ्या पोरी तन्वीच्या अंगावर कोसळल्या होत्या. परत आलेला बॉल तन्वीने गोलमध्ये ढकलला होता. फायनल जिंकली होती.

जिंकू देत. शमिकाचं काम झालं होतं.

गेल्या वर्षापर्यंत ती स्वतः या टीममध्ये होती. निवडीच्या आदल्या दिवशी पल्लवीने कोच गिरीश सरांच्या कानाला लागून सांगितलं, शमिकाचा गुडघा अजून दुखतो, ती लपवतेय. गुडघा ठणठणीत होता. पण सरांनी कप्तानाचं ऐकलं आणि शमिका बाहेर बसली. ती भांडली नाही. टीमसाठी फोटोग्राफर इंटर्न हवा म्हटल्यावर पहिला अर्ज तिचा. लोक म्हणाले, केवढं मोठं मन! मन कसलं मोठं, तिने डूख धरला होता. फायनलचा एक फोटो कॉलेजच्या दारातल्या बोर्डावर वर्षभर लागतो, आणि तो निवडतो फोटोग्राफर. उट्टं काढायला याहून चांगली जागा कुठली?

संध्याकाळी स्पोर्ट्स रूममध्ये तिने लॅपटॉप उघडला. गिरीश सर खुर्ची ओढून शेजारी बसले.

"पहिले तन्वीचा गोल दाखव."

"बघते, सर."

ती फोटो पुढे सरकवत गेली. पल्लवी घसरताना. पल्लवी पंचांवर खेकसताना. पल्लवी थुंकताना. सेमीफायनलचे उघडले, तिथेही पल्लवी. सरावाचे उघडले, पल्लवी. बाकीच्या पोरी मागे कुठेतरी, धुरकट.  हे शमिकाने आधी पाहिलंच नव्हतं.

सर हसले. "क्या बात है! इतकी जिगरी दोस्ती? मला तर वाटायचं, तुमचं दोघींचं पटत नाही."

पल्लवी दारात उभी होती. तिने पडद्याकडे नीट पाहिलं. तिला सगळं कळलं, हे शमिकाला कळलं.

"एवढं तर मला माझ्या आईनेही बघितलं नसेल," पल्लवी म्हणाली आणि बॅग उचलून निघून गेली. शमिकाचे कान तापले. पल्लवी चिडली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात तन्वी धावत आली. मोजे अजून चिखलाने भरलेलेच होते.

"दी, माझ्या गोलचा फोटो दे ना! बाबांना ड्यूटीमुळे येता नाही आलं. कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलंय त्यांनी, मुलीचा फोटो दाखवतो म्हणून."

"तन्वी, तो... मी काढला नाही."

"असं कसं? तू तर गोलच्या बाजूलाच होतीस."

"होते," शमिका म्हणाली. तिने परत फायनलचे फोटो उघडले. तिला स्वतःची लाज वाटली, आणि पल्लवीचा राग तरीही तसूभर कमी झाला नाही.

तन्वी पडद्यावर वाकली. बोर्डासाठी निवडलेला फोटो समोर होता.

"थांब, थांब! इथे कोपऱ्यात बघ. हा माझा पाय आहे. आणि ही स्टिक! यार दी, आहे की गोल!"

"त्यात काही दिसत नाही गं."

"बाबा ओळखतील. पाठव ना."

शमिकाने पाठवला. तन्वीच्या फोनवर पल्लवीचा चेहरा उघडला, अख्ख्या पडद्याभर. तन्वी दोन बोटांनी तो कोपरा मोठा करू लागली. जितका मोठा करावा, तितका तो पुसट होत होता.