वाटणीत आलेला कूलर

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, चौकोनी, एका कुशीला गंजलेला. माझ्यासारख्यांची गोष्ट बहुधा रडगाण्याची असते. मी किती राबलो, मग मला कसं अडगळीत टाकलं, वगैरे. मला त्याचं फारसं काही वाटत नाही, पत्र्याला गंज चढायचाच. पण एका गोष्टीचा राग माझ्या पोटात साचला आहे आणि तो मी आज तुमच्यापुढे सगळा ओतणार आहे.

औरंगपुऱ्यामागच्या एका गल्लीत माझा जन्म झाला. तिथे एक चाचा पत्रा कापून कूलर बनवायचे. तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, पोटात पंप आणि तोंडाशी पंखा. निळा रंग देऊन त्यांनी मला रस्त्यावर वाळत ठेवलं होतं, तेव्हा तात्यासाहेब आले. सरकारी कचेरीत नोकरी, मूळचे गंगापूरकडचे, गावाकडे ऊस असलेलं खाऊनपिऊन सुखी घर. त्यांनी मला चारी अंगांनी ठोकून पाहिलं. चाचा म्हणाले, "साब, कूलर के सामने की खिडकी खुली रखना. हवा को निकलने का रस्ता नै मिला तो कमरे में खाली चिपचिप होती." तात्यासाहेबांनी मान डोलावली. त्यांना ते लगेच समजलं. तात्यासाहेब अडाणी नाहीत, हे तुम्ही पक्कं ध्यानात ठेवा.

पहिली काही वर्षं माझी फार मजेत गेली. हॉलच्या पुढच्या खिडकीबाहेर लोखंडी घोड्यावर मला बसवलं होतं. माझी हवा हॉलभर फिरायची आणि मागच्या खिडकीतून मागच्या पडवीत जायची. तात्यासाहेबांची आई, दगडाबाई, पाडव्याला मला धुऊनपुसून हळदकुंकू लावायची, मगच बटण दाबू द्यायची. माझी टाकी भरणं हे तिचं काम. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या शहरात कूलर पाळणं म्हणजे हत्ती पाळण्यासारखंच. पण ती भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी फडक्यानं गाळून मला पाजायची आणि म्हणायची, "पी बाबा. तू बी लेकरावाणीच हाईस." दुपारी अख्खं घर माझ्यासमोर आडवं व्हायचं. तात्यासाहेब, त्यांची बायको संध्या, धाकटा भाऊ रामेश्वर, त्याची बायको सुरेखा, सगळे एकाच सतरंजीवर. तेव्हा माझं कौतुक होतं आणि मला ते आवडायचं.

मग तात्यासाहेबांचे वडील वारले आणि घराची वाटणी झाली. हॉल आणि पुढच्या पक्क्या खोल्या थोरल्याला, मागच्या पत्र्याच्या दोन खोल्या आणि पडवी धाकट्याला. मी हॉलबरोबर तात्यासाहेबांकडे आलो. राहिली आई. तीही वाटून घेतली. तात्यासाहेब चारचौघांत म्हणाले, "आईला थंडी सोसत नाय. हिवाळ्यात पक्क्या घरात माझ्याकडं राहील. उन्हाळ्यात रामेश्वरकडं, पडवीत मोकळं वाटंल तिला." चारचौघांनी माना हलवल्या. थोरल्याला किती काळजी, असंही कोणी तरी बोललं. उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होतं, ते चारचौघांपैकी कोणी बोललं नाही.

आता नीट ऐका. दगडाबाईची खाट पडवीत, आणि ती बरोबर हॉलच्या मागच्या खिडकीखाली आली. म्हणजे माझी हवा हॉल गार करून बाहेर पडली की थेट तिच्या अंगावर. त्यासाठी कोणाला काहीच करायचं नव्हतं. खिडकी नेहमीसारखी उघडी ठेवली की झालं. पण वाटणीनंतरच्या पहिल्याच पाडव्याला संध्याबाई म्हणाल्या, "वीज आपली, पाणी आपलं, आन् गार कोण व्हणार? पलीकडचे?" तात्यासाहेब उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. वर कडीला तारेचा वेढा मारला.

चाचांनी सांगितलं होतं तेच झालं. हॉलमध्ये नुसती दमट वाफ कोंडू लागली. अंथरुणं चिकट, पापड मऊ, दाराची फळी फुगलेली, अंगाला सारखा चिकचिकाट. आणि याचं खापर कोणाच्या डोक्यावर फुटलं? माझ्या! तात्यासाहेब भेटेल त्याला विचारत सुटले की कूलर म्हातारा झाला, दुरुस्त करू का नवीन घेऊ? गोकुळ मिस्त्री आला. त्यानं माझा पंप काढला, पंखा फिरवून पाहिला, गवत बदललं आणि म्हणाला, "साहेब, कूलर चकाचक हाय. तेवढी मागची खिडकी उघडा."

"ती सोडून काय उपाय हाय ते सांग," तात्यासाहेब म्हणाले.

"ती सोडून? मंग उपायच नाय."

तात्यासाहेबांनी दुसरा मिस्त्री बोलावला. त्यानंही खिडकीच दाखवली. कचेरीतल्या साहेबांना विचारलं, शेजारच्या मास्तरांना विचारलं, मोबाईलमध्ये पाहिलं. सगळीकडून एकच उत्तर, खिडकी उघडा. लोक सल्ला मागतात तो कळावं म्हणून, अशी माझी भाबडी समजूत होती. तात्यासाहेब तर कोणी आपल्या मनासारखं बोलेपर्यंत विचारत राहणारे. ते घामानं निथळत बसायचे, उघड्या अंगावर धोतराचा सोगा फिरवायचे, बायकोवर खेकसायचे, पण कडीला हात लावायचे नाहीत.

एका भर दुपारी पलीकडून खिडकीवर टकटक झाली. दगडाबाईचा आवाज आला. "तात्या, जरा फट ठेव रं. लई उकडायलंय. जीव घाबरा व्हायलाय माझा."

तात्यासाहेब लोडाला टेकून जागेच होते. त्यांनी हात लांब केला आणि माझं बटण मोठ्यावर फिरवलं. मी जोरात घरघरू लागलो. पलीकडून आणखी काही तरी म्हटलं गेलं, ते माझ्याच आवाजात बुडालं. मी यंत्र आहे, बटण फिरवलं की मला फिरावंच लागतं. पण त्या दिवशी पंख्याची पाती तुटून पडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

असे दोन उन्हाळे गेले. दगडाबाई वाळत चालली होती. रामेश्वर वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जायचा, सुरेखा घरी शिलाई मारायची. ते वाईट नव्हते. त्यांनी छताला एक पंखा टांगला होता, पण पत्र्याखालचा पंखा भट्टीचीच हवा फिरवतो. सुरेखा सासूच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवायची, ते शिलाईची एक बाही जोडेपर्यंत सुकून जायचं. "आत्याबाई, हिवाळ्यापस्तोर दम धरा, मंग हायच की तुमचं पक्कं घर," ती हसून म्हणायची. दगडाबाईही हसायची. हिवाळ्यात तिला पक्क्या घराची गरज नव्हती, हे दोघींनाही कळत होतं.

या वर्षी मात्र तात्यासाहेबांना हवा तसा सल्लागार सापडला. गुलमंडीच्या पलीकडे यंत्रांचं एक मोठं, काचेचं दुकान आहे. तिथला दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमच्यासारख्यांनी आता एसीच घ्यायचा. फकस्त एक पथ्य पाळा. खिडक्या एकदम गच्च बंद पायजेत. जरा फट राहिली तरी गारवा वाया." तात्यासाहेबांचा चेहरा असा खुलला की बस. इतक्या वर्षांनी त्यांच्या स्वभावाचं यंत्र त्यांना मिळालं होतं.

एसी आला. आतला पांढरा डबा हॉलच्या भिंतीवर चढला. बाहेरचा डबा, जो गरम हवा बाहेर फेकतो, तो कुठे लावायचा? बसवणाऱ्या पोरांनी पुढच्या भिंतीवर भोक पाडायला घेतलं तर संध्याबाई ओरडल्या, "पुढून नको! घराची शोभा जाती." मग तो मागे लावला. मागच्या भिंतीवर, खिडकीच्या वर, खाली दगडाबाईची खाट. चालू केल्याबरोबर त्यातून भाकरीच्या तव्यावरून यावा तसा झोत खाली आला.

रामेश्वर हात जोडूनच आला. "दादा, सगळी गरम हवा आईच्या अंगावर यायलीय."

"भिंत माझी हाय."

"भिंत तुझी हाय, आन् आई?"

"आईची पाळी सध्या तुझ्याकडं हाय. खाट आत घे तिची."

आत पत्र्याखाली खाट नेली तर म्हातारी घुसमटायची, बाहेर आणली तर वरून झळा. सुरेखा दिवसभर ती खाट आतबाहेर ओढत बसली. शेवटी तिनं धीर केला आणि मला मागायला आली. मला तोवर घोड्यावरून उतरवून कोपऱ्यात सारलं होतं. ती म्हणाली, "दादा, कूलर आता रिकामाच हाय. आत्याबाईच्या उशाला लावू का? पाणी आम्ही भरू, वीज आमची. उन्हाळा सरला की धुऊन परत देते."

मित्रांनो, खरं सांगतो, माझा गंजलेला पत्रा थरारला. माझी मोटर धडधाकट होती. गवत ओलं केलं असतं तर त्याच क्षणी मी त्या म्हातारीला झोप दिली असती.

तात्यासाहेब म्हणाले, "आज कूलर मागाय लागलात, उद्या खोली मागचाल. वाटणी म्हंजी वाटणी." मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यांनी मला उचलून मागच्या बोळात, पडवीला लागून, दोघांच्या हद्दीवर नेऊन आडवं लावलं, कुंपणासारखं. आणि कोणी चोरून चालू करू नये म्हणून खिशातली पक्कड काढून माझी वायर मुळापासून कापली. कापताना ते गुणगुणत होते. चांगला, घरंदाज माणूस, रोज देवपूजा करणारा.

माझं तोंड दगडाबाईच्या खाटेकडे आलं. इतक्या दिवसांनी आम्ही एकमेकांना पाहत होतो. तिची नजर अधू झाली होती आणि उन्हानं डोकंही ठिकाणावर नव्हतं. दुपारी सुरेखा टँकरवर पाण्याला गेली की ती खाटेवरून सरपटत माझ्याजवळ यायची. तिच्या उशाशी प्यायच्या पाण्याचा एक तांब्या असायचा. तो उचलून ती माझ्या टाकीत ओतायची. "पी बाबा," म्हणायची आणि माझ्या जाळीसमोर तोंड करून, डोळे मिटून बसायची. वाऱ्याची वाट पाहत. तिनं स्वतःच्या घशातलं पाणी मला दिलं आणि मी तिला एक झुळूकसुद्धा देऊ शकलो नाही. मला बोळात आदळताना टाकीचा गंजका तळ फुटला होता. ते पाणी खालून वाहून फरशीवर यायचं आणि पाहता पाहता सुकून जायचं.

मे महिन्यातल्या तशाच एका दुपारी ती माझ्यासमोर बसली ती बसलीच. सुरेखा बादली घेऊन परतली, "आत्याबाई, आत चला," म्हणाली, आणि खांद्याला हात लावल्याबरोबर किंचाळली. डॉक्टर आले. ऊन लागलं, म्हणाले.

आता दगडाबाईची पुण्याची लेक यायची होती. ती येईपर्यंत माती, म्हणजे अंत्यविधी, थांबवायला हवी होती, आणि गंगापूरकडचे पाहुणे जीप करून निघाले होते. तात्यासाहेब आले. रडतच आले, खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी होतं. आईकडे पाहिलं, वर तापलेल्या पत्र्याकडे पाहिलं आणि गरजले, "आरं, आईला असं उन्हात काय ठिवलंय? माणसं हाईत का कोण? उचला!"

चौघांनी उचललं. वाटणी झाल्यापासून पहिल्यांदा दगडाबाई भर उन्हाळ्यात हॉलमध्ये गेली. तात्यासाहेबांनी स्वतः सतरंजी घातली, स्वतः रिमोट घेतला आणि एसी होता नव्हता तेवढा थंड केला. दारं खिडक्या गच्च लावल्या. बाहेरचा डबा पूर्ण ताकदीनं फिरू लागला आणि त्याचा झोत पडवीत बसून हंबरडा फोडणाऱ्या सुरेखेच्या डोक्यावर पडू लागला.

पाहुणे आले. हॉलमध्ये शिरताच त्यांना बरं वाटलं, उन्हातून आले होते ना. भिंतीला टेकून बसत एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "काही म्हणा, थोरल्यानं आईला एसीत ठिवलं. धाकट्याकडं काय, पत्रे. नशीबवान बाई."

"करावंच लागतं," तात्यासाहेब डोळे पुसत म्हणाले. "एकच तर आई."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमची निगा राखा, आम्हाला तेलपाणी करा, असं मागणं मागायची रीत आहे. मी ते मागत नाही. मला उद्या भंगारात घाला. पण तुमच्या घरात थोडासा गारवा असेल, तर ज्याला त्याची गरज आहे त्याला तो जिवंत असतानाच द्या. मेल्यावर दिलेला गारवा फक्त पाहुण्यांच्या उपयोगी पडतो.