दोनदा नाही म्हणायची रीत

हे कुणाला पटायचं नाही, आणि ज्याला पटेल त्याने आपलं डोकं एकदा तपासून घ्यावं. पण डार्सी वाइगेलला पाळक करून घ्यायला आपलं हे अख्खं चर्च, घंटेसकट, तिच्या गाडीमागे धावत गेलं होतं. हसू नका. कॉफी घ्या आणि ऐका.

डार्सी तेव्हा पंचविशीतली. धान्याच्या कोठारावर ट्रकांचं वजन करायची. वाढली ती ओढ्यापलीकडच्या कडक चर्चमध्ये, आणि तिथल्या रविवारच्या शाळेत लहान पोरांना शिकवायचीही. एकदा एका पोरीने तिला विचारलं, "माझा जोएलमामा दुसऱ्या एका मामाबरोबर घर करून राहतो. तो नरकात जाणार का?" उत्तर धड्यात छापलेलं होतं. डार्सीने धडा मिटला आणि म्हणाली, "नाही गं. देवाला तो आवडतो."

तिथल्या पाळकाने सांगितलं, शब्द मागे घे, नाहीतर शिकवणं सोड. तिने शिकवणं सोडलं. तिला वाटलं, सुटलं तर एवढंच सुटेल.

पण आपले लोक तुम्हाला ठाऊक आहेत. आपण कुणाला वाळीत टाकत नाही, फक्त बोलवायचं राहून जातं. दुकानात भेटली की माणसं म्हणायची, "वारा फार आहे." ती म्हणायची, "हो, फार आहे." की झाली भेट. घरी बाप जेवताना "मीठ दे" एवढंच बोलायचा. मग आईने टेबलावर मिठाच्या दोन बाटल्या ठेवल्या आणि तेही बंद झालं.

मग दोन ट्रकांच्या मधल्या वेळात, काट्याच्या खोलीत बसून, ती पाळकाचा अभ्यास करू लागली. पोस्टाने पुस्तकं यायची, पोस्टाने उत्तरं जायची. प्रार्थनेत तिला 'आम्ही' म्हणायची सवय होती. डोळे उघडून बघावं तर आम्ही म्हणजे ती, वजनकाटा आणि एक उंदीर. उंदीरही सुगी संपली की जायचा.

परीक्षा सगळ्या झाल्या. पण कुठल्या तरी मंडळीने बोलावल्याशिवाय दीक्षा मिळत नाही, हा नियम. ती दोन-तीन ठिकाणी प्रवचन देऊन आली. तिथेही जोएलचं नाव निघालं की लोकांना वारा फार वाटायचा. शेवटी उरलो आपण.

आपलं तर माहीतच आहे. पुढच्या बाकावर बसायला सगळ्यांना लाज वाटते. इतकी वर्षं सगळे मागेच बसल्याने जमीन अशी कलली आहे की व्यासपीठावरून पेन्सिल सुटली तर थेट लिओनाकाकूच्या बुटाला लागते. डार्सी रिकाम्या बाकांवरून बोलली. म्हणाली, या घरात जो येईल त्याला खुर्ची आहे, जोएलला आहे आणि त्याच्या माणसालाही आहे. कुणी हललं नाही, कुणी खोकलं नाही. लिओनाकाकू रडत होती, पण ती रडताना आणि बटाटे सोलताना सारखीच दिसते. डार्सीला कुठून कळणार?

मग रीतीप्रमाणे तिला इथे तळघरात पाठवलं आणि वर मतदान झालं. शेगडीवर आपलं कणकेच्या गोळ्यांचं क्नेफ्ला सूप होतं. ती ते ढवळत उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. काहीतरी उपयोगी पडलो तर निदान लगेच जा म्हणणार नाहीत, असं तिला वाटत होतं.

वर सगळे हात उभे राहिले. मंडळीचा अध्यक्ष डेलमार ऑप जिना उतरून आला आणि आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "तर, आमचं म्हणणं असं, की तुला दुसरं काही नसेल तर, आलीस तरी चालेल."

डेलमारने बायकोलाही याहून गोड काही म्हटलेलं नाही. डार्सीला हो म्हणायचं होतं, पण आईने शिकवलेलं तोंडातून निघून गेलं. "कशाला उगाच, डेलमारकाका. तुम्हाला सगळ्यांना त्रास."

आपल्यात केक पुढे आला तरी दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचा. हे डेलमारला कळत नाही का? कळतं. पण केकचा आग्रह वेगळा. माणसाच्या आयुष्याचा आग्रह करणं त्याला उद्धटपणा वाटला. "बरं तर," म्हणाला आणि वर गेला.

"नाही म्हणते," त्याने सांगितलं.

"मला वाटलंच," लिओनाकाकू म्हणाली. "आपल्यात आहे काय, तिने यावं असं?"

सगळे टोप्या मांडीवर घेऊन बसून राहिले. खाली डार्सी जिन्याकडे कान लावून उभी. पायरी काही वाजली नाही. तिने सुपावर झाकण ठेवलं, कोट घातला, मागच्या दाराने निघाली. रस्ता सरळ, दोन्हीकडे कापलेली शेतं. रेडिओवर कुणीतरी गव्हाचा भाव सांगत होतं, तेवढीच सोबत.

आणि मग वारा सुटला. असा, की चर्च पायावरून उचललं गेलं आणि गवतावरून घसरत तिच्या गाडीच्या बरोबरीला आलं. डेलमारने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "डार्सी, खरंच विचारतोय गं."

"नको हो काका, तुमचं चर्च बघा कुठे चाललंय."

"झालं दुसऱ्यांदा," लिओनाकाकू आतून ओरडली. "आता थांबू नकोस, ठोंब्या. विचार." तेवढ्यात चर्चने गाडीला मागे टाकलं, रेल्वेच्या फाटकापाशी आडवं उभं राहिलं, दार उघडलं, आणि सगळी मंडळी पायऱ्यांवर येऊन एका सुरात—

"खोटं आहे, एमिलकाका," कप विसळता विसळता पाळक डार्सी पाठमोरीच म्हणाली. "मागे कुणी आलं नव्हतं. फाटकापाशी मी गाडी थांबवून आरशात बघत बसले होते, बराच वेळ. रस्ता रिकामा होता. मग मीच वळले."