काकूंचं फुकटातलं मृत्युपत्र

तनय गुडघ्यांवर बसून काकूंच्या हॉलची भिंत मोजत होता. काकू समोरच सोफ्यावर बसल्या होत्या, नुकत्याच सांधलेल्या खुब्याखाली उशी घेऊन. पण पुतण्याला त्याचं काय! एका हातात टेप, कानाला पेन्सिल, आणि तोंडाने पुटपुटणं चालू.

"अरे, मी अजून जिवंत आहे रे," चारुलताकाकू म्हणाल्या.

"गेनाऊ," तनय म्हणाला, म्हणजे 'अगदी बरोबर', आणि खिडकीकडे सरकला.

हा तनय म्हणजे त्यांच्या धाकट्या दिराचा मुलगा. जन्म जर्मनीतला, नोकरी इंगोलश्टाटला, आणि चिक्कूपणा कुठून आला ते देव जाणे. मराठी त्याला सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्येच. इथे ते मराठीत दिलंय ते आपल्या सोयीसाठी. वाचायला मात्र एक अक्षर येत नव्हतं. तो सात वर्षांचा असताना काकांनी, श्रीधररावांनी, पुण्याहून येताना मुद्दाम अंकलिपी आणली होती. दर रविवारी पोराला जवळ घेऊन बसायचे. तिसऱ्याच रविवारी कार्ट्याने पुस्तक ढकललं आणि विचारलं, "याचा मला उपयोग काय?" श्रीधररावांनी पुस्तक उचललं. अंकलिपी कपाटात ठेवून दिली. ती अजून तिथेच होती, श्रीधरराव नव्हते.

जर्मनीतल्याच झिंडेलफिंगेनचा हा तीन खोल्यांचा फ्लॅट म्हणजे श्रीधररावांच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीचं फळ. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूंनी मृत्युपत्र केलं नाही तर इथल्या कायद्याने फ्लॅट सांगलीच्या स्नेहलताकडे, काकूंच्या बहिणीकडे जाणार, आणि तनयच्या हातात धुपाटणं. हे त्याने कुठूनसं वाचलं होतं, तेव्हापासून त्याला काकूंचं प्रेम अनावर झालं होतं. आयत्या बिळावर नागोबा निदान बीळ रिकामं व्हायची वाट तरी बघतो!

खुबा मोडला तेव्हा हाच नागोबा तीन महिन्यांत एकदा फिरकला होता, पेट्रोल पंपावरची फुलं घेऊन. रोज दुपारी यायची ती 'वार्मे हांड', म्हणजे 'उबदार हात', नावाच्या संस्थेची फ्राऊ केलर, गरम जेवणाचा डबा घेऊन. काकू मांस खात नाहीत हे कळल्यावर तिने संस्थेच्या स्वैपाकघरात भांडून त्यांच्यासाठी सॉसेज न घातलेली मसुराची उसळ करवून घेतली. डबा ठेवून पळायची नाही, पंधरा मिनिटं बसायची. श्रीधररावांचा फोटो बघून एकदा म्हणाली, "मिशा काय सुंदर आहेत हो!" काकू त्या दिवशी नवऱ्याच्या मरणानंतर पहिल्यांदा पोटभर रडल्या.

त्याच डब्याबरोबर एक पत्रक आलं होतं. साठीच्या पुढच्यांना संस्था वकील देईल, मृत्युपत्राचा सल्ला मोफत. संस्थेसाठी काही ठेवलंत तर आनंद आहे, सक्ती नाही. काकूंच्याच डब्यातलं पुडिंग खाता खाता तनयने ते वाचलं.

"कोस्टेनलोस!" तो ओरडला. "फुकट! काकू, नोटरीकडे गेलो तर तो फ्लॅटच्या किमतीवर फी लावतो. आणि ही गाढवं फुकटात करून देतायत! वर त्यांना काही द्यायचंही नाही!"

फुकट ते पौष्टिक! पुढच्याच मंगळवारी काकूंना गाडीत घालून तो संस्थेच्या ऑफिसात हजर.

वकीलबाई तरुण होती, पण कडक. तिने तनयला बाहेर बसवलं. "ज्याला मिळायचंय तो आत नको," म्हणाली. बाहेर फुकटची कॉफी होती, त्याने तीन कप ढोसले. आत तिने काकूंना समजावलं, की टाइप केलेलं चालणार नाही, दुसऱ्याने लिहिलेल्यावर नुसती सहीही चालणार नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तुमचाच हात हवा, खाली तारीख आणि सही.

"आणि भाषा?" काकूंनी विचारलं.

"तुम्हाला येते ती कुठलीही."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या.

घरी तनयने लॅपटॉपवर टाइप करून छापलेला कागद पुढे केला. "फक्त सही कर." चालत नाही म्हटल्यावर त्याने वकीलबाईला फोन करून खात्री केली, तोंड वाकडं केलं आणि जर्मनमध्ये मजकूर सांगायला बसला.

"माझं जर्मन शुद्धलेखन म्हणजे आनंदीआनंद," काकू म्हणाल्या. "काही चुकलं तर तुझंच नुकसान. मी आपली मराठीत लिहिते. कोर्ट भाषांतर करून घेईल."

"कोणाच्या खर्चाने?"

"मेलेल्याच्या."

"आल्झो गुट," तनय म्हणाला. ठीक तर मग.

काकूंनी सावकाश लिहिलं, वळणदार अक्षरात. खाली तारीख घातली, सही केली, आणि कागद त्याच्यापुढे धरला. "घे. वाच."

हे त्यांनी खरोखर मनापासून म्हटलं. एक ओळ, निदान स्वतःचं नाव तरी त्याला ओळखू आलं असतं, तर त्यांनी कागद फाडला असता. तनयने तो हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला, परत दिला.

"तूच वाच ना."

काकूंची जीभ जरा अडखळली. इतक्या वर्षांत त्या या पोराशी खोटं बोलल्या नव्हत्या. मग सोफ्यावर पडलेला टेप दिसला, आणि जीभ सुरळीत चालायला लागली. "फ्लॅट पुतण्या तनय याला..." तनय डोळे मिटून मान डोलवत होता.

दुसऱ्या दिवशी कागद कोर्टाच्या तिजोरीत ठेवायला तो स्वतः त्यांना घेऊन गेला. जिन्यावरून हात धरून चढवलं. ठेवण्याची फी त्यानेच भरली, जन्मात पहिल्यांदा हसतमुखाने. कारकुनाने पाकीट सीलबंद करून घेतलं.

पाकिटात पाचच ओळी होत्या.

'माझा फ्लॅट मी वार्मे हांड संस्थेला देत आहे. दागिने माझी बहीण स्नेहलता हिला. पुतण्या तनय याला कपाटातली अंकलिपी, जी त्याच्या काकांनी त्याच्यासाठी आणली होती. उपयोग काय, असं त्याने विचारलं होतं. हा घ्या उपयोग.'