हनुवटीखालचं भोक

यंत्र पुन्हा केकाटलं, तशी डॉक्टर एमना हातातला चहा टाकून धावली. दोन दिवसांतली ही तिसरी वेळ.

खाटेवर सी शाझली बसले होते, स्फाक्स शहराच्या ऑलिव्ह तेलबाजारातले नावाजलेले चवपारखी. मानाने लोक त्यांना 'सी' म्हणत आणि त्यांच्या बायकोला 'लल्ला'. जबड्यातली गाठ काढल्यापासून त्यांच्या हनुवटीखाली एक भोक राहिलं होतं आणि तोंडातली लाळ तिथून पाझरायची. एमनाने त्यात स्पंज बसवून वर पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. यंत्र नळीवाटे आतली हवा ओढून घेई, लाळ डब्यात जाई आणि जखमेच्या कडा जवळ येत. पण पट्टीखाली हवा शिरली की यंत्र केकाटे आणि सगळं मुसळ केरात. आज पट्टी टिकली नाही तर उद्या छातीचं मांस लावून भोक बुजवायचं, असं मोठ्या सरांनी बजावलं होतं.

"तुझं यंत्र आमच्या बकरीपेक्षा जास्त ओरडतं गं पोरी," लल्ला मबरूका म्हणाल्या. नवऱ्याला बोलायची बंदी, म्हणून दोघांच्या वाटचं त्याच बोलत.

एमनाने डबा उजेडात धरला. खाली गुलाबी लाळ आणि वर तरंगणारा पातळ, हिरवट सोनेरी थर.

"सी शाझली, जेवण तर नाकातल्या नळीने चाललंय. मग तोंडात तेल कुठून आलं?"

सी शाझली छताकडे बघू लागले.

"या अल्ला! भाच्याने पारखायला आणलेल्या तेलाच्या बाटल्या!" लल्ला मबरूका ओरडल्या.

"थेंबभरच," ते पुटपुटले. "चाखून थुंकलं."

"तीन वेळा?"

"तीन घाणे आहेत."

"आणि चाखताना दातांतून सुर्रकन हवा ओढलीत, सवयीने?"

त्यांनी मान डोलावली.

"म्हणजे यंत्र खालून ओढतंय आणि तुम्ही वरून!" एमनाने कपाळावर हात मारला. "आता नुसता वास घ्या. एक नाकपुडी मोकळी आहे."

"नुसत्या वासावर पसंती कळवतात का?"

"मला पसंत केलंत तेव्हा तेवढाही घेतला नव्हता," लल्ला मबरूका म्हणाल्या आणि बाटल्या पिशवीत कोंबल्या.

एमनाने कातडी स्पिरिटने दोनदा पुसली, नवा स्पंज बसवला, नवी पट्टी लावली. सकाळी सर आले तेव्हा यंत्र मुकाट घुरघुरत होतं. "आणखी पाच दिवस देतो," ते म्हणाले.

सहाव्या दिवशी पट्टी काढून, भोक बुजलंय का ते बघायला एमनाने सी शाझलींना निळं पाणी प्यायला दिलं आणि हनुवटीखाली पांढरा कापूस धरला. कापूस पांढराच राहिला.

"आणखी एक घोट," ती म्हणाली. एका घोटावर तिचा विश्वास नव्हता.

तरीही पांढराच. लल्ला मबरूकांनी डोळे पुसले.

सी शाझलींनी तोंड वाकडं केलं. "पाणी मात्र शिळं आहे," ते म्हणाले.